रंगाचा टवका आणि पत्र्याची निगा

मोटारीच्या बॉडीचा पोलादी पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्यावरचा रंग, सगळे थर मिळून, १०० ते १३० मायक्रॉन भरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वहीचा एक कागद शंभरएक मायक्रॉनचा असतो. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, रस्त्यावरची खडी आणि रोज सकाळी फिरणारे फडके हे सगळे त्या कागदभर जाडीला सोसावे लागते. गाडीची बाहेरून निगा राखायची म्हणजे ही जाडी जपायची, आणि जिथे ती फुटली असेल तिथे पाणी पत्र्यापर्यंत पोचण्याआधी भोक बुजवायचे. दिसण्याचा मुद्दा त्यानंतरचा. नवशिक्याची गल्लत इथेच होते. टवका दिसेनासा व्हावा म्हणून तो इतके घासतो आणि पुसतो की शेजारचा चांगला रंगही पातळ होतो आणि मूळ भोक अर्धवट उघडेच राहते.

हे थर कारखान्यात ठरलेल्या क्रमाने चढतात. उघड्या पत्र्यावर आधी झिंक फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचे कण खाचाखोचांत आणि दरवाज्याच्या पोकळीत, जिथे फवारा पोचणार नाही तिथेही जाऊन बसतात. जेमतेम २० मायक्रॉनच्या या थराला ईडी कोट म्हणतात, आणि गंजापासूनचे मुख्य संरक्षण त्याचेच. त्यावर ३०-४० मायक्रॉनचा प्रायमर, मग १५-२० मायक्रॉनचा रंगीत बेस कोट आणि सर्वांत वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. ज्या रंगावर भाळून गाडी घेतली जाते तो यातला सर्वांत पातळ थर असतो. चकाकी येते ती क्लिअर कोटमुळे, आणि बहुतेक बारीक चरेही त्याच्यातच अडकलेले असतात.

ही रचना फार जुनी नाही. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात रंग व्हार्निशचा असे आणि तो वाळायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून केलेला झटपट वाळणारा लॅकर आणला. त्याचे नाव ड्युको. जनरल मोटर्सने तो १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर वापरला आणि रंगीत गाड्यांचा काळ सुरू झाला. ते नाव आपल्याकडे इतके मुरले की कपाटाला फवाऱ्याने गुळगुळीत रंग मारणारा सुतार आजही त्याला ‘ड्युको’ म्हणतो. बेस कोटवर वेगळा क्लिअर कोट देण्याची पद्धत १९८० च्या दशकात रुळली. त्याआधीच्या गाड्यांना पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. आजच्या गाडीचा रंग फडक्यावर उतरला, तर क्लिअर कोट संपला आहे किंवा त्या गाडीला तो मुळात नव्हता, असे समजावे.

टवका कुठे आणि का उडतो

टवक्यांच्या जागा ठरलेल्या असतात. बॉनेटची पुढची कड, पुढचा बंपर, काचेच्या वरची छपराची पट्टी, आरशांच्या पाठी, चाकांमागचा दरवाज्याचा खालचा भाग आणि दरवाज्याची कड. शेवटची जागा खडीची नव्हे. पार्किंगमधल्या खांबावर किंवा शेजारच्या गाडीवर दार आपटल्याने ती उडते. बाकी सगळीकडे दगडच जबाबदार. ट्रक आणि डंपर यांच्या मागच्या जोडचाकांत अडकलेली खडी सुटते आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ७० किलोमीटरऐवजी १०० च्या वेगाने तोच खडा अंगावर घेतला, तर फटका जवळजवळ दुप्पट बसतो. गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्यांना मुंबई-गोवा महामार्गाच्या रेंगाळलेल्या कामाने ही खडी वर्षानुवर्षे पुरवली. पुढच्या डंपरपासून अंतर ठेवणे हा रंगाच्या निगेतला एकमेव फुकट उपाय आहे.

टवका उडाल्यावर पुढचे काम पाणी करते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो, आणि पाण्यात मीठ असले तर त्याला वेग येतो, कारण खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो टवक्याच्या कडेखाली शिरतो, रंगाला खालून उचलतो आणि मोहरीएवढ्या ठिपक्याभोवती फुगवटा येतो. तो फुगवटा फुटला की पोपडे निघतात आणि पाण्याला नवी वाट मिळते. हल्ली अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला काही काळ वाचवते, त्यामुळे नव्या गाडीच्या टवक्यावर महिनोन् महिने गंज दिसत नाही आणि मालक निर्धास्त होतो. मालवण, दापोली, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्याला ही चैन परवडत नाही.

दुरुस्तीआधी टवका वाचायला शिकावे. गाडी धुऊन, उजेडात, जमल्यास भिंगातून पाहावे. तळाशी करडा किंवा पांढरट रंग दिसला तर प्रायमर किंवा ईडी कोट शाबूत आहे. चकचकीत धातू दिसला तर पत्रा उघडा पडला आहे. तांबूस ठिपका म्हणजे गंज सुरू झाला आहे. बंपरवर तळ काळा दिसतो, कारण तो प्लॅस्टिकचा आहे. त्याला गंज चढत नाही, म्हणून बंपरचा टवका सवडीने भरला तरी चालतो. शंका आली तर फ्रिजवरचे लोहचुंबक लावून पाहावे. काही गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनिअमचे असते. तिथे चुंबक चिकटत नाही, आणि तांबूस गंजाऐवजी पांढरी भुकटी धरते. जुनी गाडी विकत घेतानाही हेच चुंबक कामाला येते. पोलादी पत्र्यावर एखाद्या जागी ते नीट धरत नसेल, तर तिथे पोचा भरून काढायला लांबीचा जाड थर दिलेला असण्याची शक्यता असते.

शेड जुळवणे

‘पांढरा’ किंवा ‘सिल्व्हर’ एवढे सांगून रंग आणता येत नाही. प्रत्येक शेडला कारखान्याचा कोड असतो आणि तो गाडीवर कुठेतरी छापलेला असतो. बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, बॉनेटखाली किंवा माहितीच्या पट्टीवर. सुझुकीच्या सिल्की सिल्व्हर या शेडचा कोड झेड-टू-एस आहे. दुकानदाराला असा कोड दिला की टच-अपची बाटली किंवा पेन मिळते. तरीही हुबेहूब जुळणीची खात्री नसते. एकाच कोडच्या गाड्यांत कारखान्यापासूनच किंचित फरक पडतो, शिवाय पाच-सहा वर्षे उन्हात उभा राहिलेला लाल रंग मूळचा राहत नाही. कोऱ्या गाडीवरसुद्धा बंपर आणि मडगार्ड वेगळ्या छटेचे वाटतात. पत्रा भट्टीत साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजतात, प्लॅस्टिकला ते तापमान सोसत नाही, म्हणून बंपर बहुधा वेगळा रंगवला जातो.

सॉलिड रंग भरायला सर्वांत सोपा. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनिअमच्या बारीक चकत्या असतात. फवाऱ्याने त्या आडव्या बसतात आणि सगळ्या एका दिशेने उजेड परतवतात. ब्रशने भरलेल्या रंगात त्या वेड्यावाकड्या उभ्या राहतात, म्हणून ठिपका एका बाजूने गडद आणि दुसऱ्या बाजूने फिका दिसतो. त्यात हाताचा दोष नाही. पर्ल रंगात अभ्रकाचे कण असतात, आणि पांढऱ्या पर्लमध्ये तर बऱ्याचदा पांढऱ्या थरावर वेगळा पर्लचा थर असतो. त्यासाठी दोन बाटल्या लागतात. ब्रशने केलेली दुरुस्ती दोन हातांवरून दिसली नाही तर ती उत्तम जमली असे मानावे.

टवका भरण्याची रीत

जागा सावलीची हवी, पत्रा थंड हवा आणि हवा कोरडी. महाराष्ट्रात दिवाळीनंतरचे तीन-चार महिने यासाठी सर्वांत चांगले. पावसाळ्यात रंग भरला की त्यावर पांढरट झाक येते. रंगातले थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगावरच साकळते. कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा ही झाक टाळणे कठीण. भर पावसाळ्यात टवका उडाला आणि पत्रा दिसू लागला, तर जागा पुसून, हेअर ड्रायरने कोरडी करून पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडावा. नेलपॉलिश हा नायट्रोसेल्युलोजचाच लॅकर आहे, त्या जुन्या ड्युकोचे भावंड. दिवाळीपर्यंत तो पाणी अडवतो, नंतर थिनरने पुसून टाकता येतो.

पहिले काम धुण्याचे. शाम्पूने धुतल्यावर टवक्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण आधी कधी लावलेल्या मेणावर किंवा सिलिकॉनच्या पॉलिशवर रंग धरत नाही. टवक्याच्या कडेचा सुटलेला पापुद्रा लाकडी काडीने अलगद उचलून पाहावा. जो निघतो तो आज ना उद्या निघणारच असतो. गंज असेल तर तो स्वच्छ धातू दिसेपर्यंत काढावा लागतो. इथे मोठा पॉलिश पेपर वापरला तर टवक्याच्या दसपट जागा खराब होते. त्याऐवजी ४०० नंबरच्या वॉटर पेपरची बारीक चकती कापून पेन्सिलच्या टोकाला चिकटवावी आणि फक्त खड्ड्याच्या आत फिरवावी. खाचेत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचे किंवा टॅनिनचे रस्ट कन्व्हर्टर मिळते; ते हातमोजे घालून काडीने लावावे आणि बाटलीवर सांगितलेला वेळ द्यावा. गंजावर तसाच रंग दिला तर तो आत वाढत राहतो आणि वर्षभरात रंगासकट वर येतो.

पत्रा उघडा असेल तरच प्रायमर लागतो. तळाशी करडा थर शाबूत असेल तर थेट रंग द्यावा. बंपरचे काळे प्लॅस्टिक उघडे पडले असेल तर मात्र साधा प्रायमर त्यावर टिकत नाही. ते बहुधा पॉलिप्रोपिलीन असते आणि त्याला रंग धरत नाही, म्हणून प्लॅस्टिकसाठीचा वेगळा प्रायमर आधी लावावा.

आता रंग. बाटली दोन-तीन मिनिटे नीट हलवावी. मेटॅलिकच्या चकत्या तळाशी बसलेल्या असतात आणि घाईत भरलेला सिल्व्हर राखाडी दिसतो. बाटलीच्या झाकणाला आलेला ब्रश बहुतेक टवक्यांना जाड पडतो. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश किंवा दात कोरायची काडी बरी. आधी पत्र्याच्या तुकड्यावर ठिपका देऊन, तो वाळल्यावर गाडीशेजारी धरून शेड पाहावी, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखे दिसत नाहीत. मग टवक्याच्या मध्यावर छोटा थेंब सोडावा आणि तो आपोआप कडेपर्यंत पसरू द्यावा. ब्रश ओढू नये. या रंगात बराचसा भाग थिनरचा असतो आणि तो उडून गेल्यावर थेंबाच्या निम्म्याहूनही कमी रंग मागे उरतो. म्हणूनच पहिला थर वाळल्यावर खड्डा होता तसाच दिसतो आणि नवशिका दुसऱ्या वेळी मोठा गोळा ओततो. तो गोळा वरून कातडी धरतो, आतून आठवडाभर मऊ राहतो आणि शेवटी मध्यभागी खचतो. पातळ थर, मध्ये अर्धा ते एक तास, असे चार-पाच वेळा करावे. सकाळी सुरू केलेले काम जेवणानंतरपर्यंत चालते. त्यात हाताला काम थोडे आणि थांबणे फार.

रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली असताना थांबावे आणि रात्रभर वाळू द्यावे. उरलेली जागा पारदर्शक लॅकरने भरावी. तोही दोन-तीन पातळ थरांत, शेवटी पृष्ठभागाच्या केसभर वर येईल इतका. चूक झाली तर ओला रंग थिनरच्या किंचित ओल्या कापडाने लगेच पुसता येतो, कारण कारखान्यातला भाजलेला क्लिअर कोट क्षणभराच्या थिनरला दाद देत नाही. पण आधी गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागावर हा प्रयोग करू नये. तिथे कोणता रंग वापरला आहे हे ठाऊक नसते, आणि तो थिनरने विरघळू शकतो.

इथे थांबले तरी दुरुस्ती पुरी झाली. पाण्याची वाट बंद झाली आहे. उंचवटा बोटाला जाणवतो, इतकेच. तो घालवायचा असेल तर किमान आठवडाभर वाट पाहावी, मग २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, खोडरबराच्या छोट्या तुकड्याभोवती गुंडाळून फक्त उंचवट्यावर फिरवावा. दर चार-पाच घासांनंतर पुसून पाहावे. ठिपका सपाट झाला की ३००० नंबरचा पेपर, मग रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश. बॉनेटच्या घडीवर, दाराच्या कडेवर, कोणत्याही उठावदार रेषेवर हा उद्योग टाळावा, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि दोन घासांत खालचा प्रायमर दिसू लागतो. बाजारात हार्डनर मिसळलेले क्लिअर कोटचे स्प्रे कॅनही मिळतात. त्यांचा थर कितीतरी टणक होतो, पण हार्डनरमधली आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही. ते काम गॅरेजच्या बूथचे.

चऱ्यांची गोष्ट निराळी. चरा पाण्याने ओला केल्यावर दिसेनासा झाला तर तो फक्त क्लिअर कोटात आहे आणि पॉलिशने बराच कमी होतो. नख आडवे फिरवल्यावर अडकले तर तो खोल आहे. तो घासून जाणार नाही, टवक्यासारखा भरावा लागतो. लांब चरा ब्रशने भरण्यापेक्षा उभ्या काडीने ठिपके ठिपके जोडत नेलेला बरा दिसतो.

फडके आणि बादली

सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसायला येणारा माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात आठ-दहा गाड्या उरकतो. गाड्या लखलखीत दिसतात, आणि दोन वर्षांनी उन्हात पाहिल्यास गडद रंगाच्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे चमकतात. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ कोणत्याही रंगापेक्षा कठीण असतो. कोरडे किंवा मळके फडके फिरवणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपर फिरवणेच. रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी जास्त वर्षे चकचकीत राहते. हे त्या माणसाला समजावणे मात्र धुण्यापेक्षा अवघड असते. महिन्याचे ठरलेले पैसे तेवढेच ठेवून रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा, गाडीच्या स्वतःच्या मायक्रोफायबर कापडाने, असे ठरवले तर जमते.

धुताना आधी नुसत्या पाण्याने माती भिजवून वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. कापड प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून, माती सोडून मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. छपरापासून खाली यावे. दारांचा खालचा भाग आणि चाके सर्वांत शेवटी आणि वेगळ्या कापडाने. तीन बादल्यांत, म्हणजे ५० लिटरच्या आत हे होते. नळी चालू ठेवून धुतले तर दहा मिनिटांत शंभर-दीडशे लिटर सहज जातात. कपड्यांची पावडर वापरू नये. तिच्यातला सोडा मेणाचा थर धुऊन नेतो आणि रबरी पट्ट्या कोरड्या पाडतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप टवक्याच्या कडेवर जवळून धरला तर पाणी रंगाखाली शिरून पापुद्रा सोलते, म्हणून नव्या दुरुस्तीनंतर महिनाभर तिकडे जाऊ नये.

बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी गाडीवर तसेच वाळले की चुनखडीचे गोल डाग उरतात. धुऊन झाल्यावर लगेच कापडाने टिपणे हा सोपा उपाय; राहिलेला डाग निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने विरघळतो, नंतर साध्या पाण्याने धुवावे.

डाग

पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते. उन्हात तापलेला क्लिअर कोट किंचित प्रसरण पावलेला असतो, आणि वाळणारी विष्ठा त्यावर घट्ट आवळून बसते. गार झाल्यावर तिचा ठसा कोरलेला राहतो. उन्हाळ्यात एका दुपारीत हे होते. ती खरवडू नये. ओले कापड पाच मिनिटे वर ठेवून मऊ झाल्यावर उचलावी.

झाडांखालचा चिकटा बहुतेक वेळा झाडाचा नसतो. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे त्यातला रस शोषतात आणि गोड चिकट स्राव टाकतात. तो गाडीवर बारीक शिंतोड्यांसारखा पडतो आणि त्यावर धूळ व काळी बुरशी धरते. ताजा असताना कोमट पाण्याने जातो. जांभळाचा डाग पांढऱ्या गाडीला लवकर सोडत नाही. नव्या रस्त्याचे डांबर चाकांमागे चिकटते. त्यासाठी टार रिमूव्हर किंवा थोडे रॉकेल कापडावर घेऊन टिपावे आणि लगेच शाम्पूने धुवावे. दसऱ्याला गाडीवर काढलेले स्वस्तिक संध्याकाळी पुसावे, कारण बाजारी कुंकवातला कृत्रिम रंग पांढऱ्या गाडीवर गुलाबी सावली सोडतो. झेंडूची माळ बांधून हायवेला निघू नये. वाऱ्याने सुतळी फडफडत राहते आणि बॉनेटवर अर्धवर्तुळे कोरते.

मेण, कोटिंग आणि फिल्म

पॉलिश आणि मेण हे शब्द दुकानात सरमिसळ वापरले जातात, पण त्यांची कामे उलट आहेत. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड क्लिअर कोट घासून काढतात; मेण त्यावर काही चढवते. ४० मायक्रॉनच्या थरातून प्रत्येक जोरदार रबिंगला एक-दोन मायक्रॉन जातात. दर सर्व्हिसिंगला आग्रहाने सुचवले जाणारे ‘रबिंग-पॉलिश’ म्हणून घ्यावेच असे नाही. वर्षानुवर्षे ते केलेल्या गाड्यांच्या छपरावर पुढे पांढरट पोपडे दिसतात, ते क्लिअर कोट संपल्याचे लक्षण असते. त्यावर टच-अपचा उपयोग नसतो, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते. चकाकी सुरेख देते, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिन्यांत उतरते. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतो आणि नवशिक्याला लावायलाही सोपा. शोरूममध्ये ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणून विकला जाणारा प्रकार बहुधा असाच एखादा सीलंट असतो. खरे टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि तव्यावर बसवायला त्याहून जास्त तापवावे लागते. गाडीच्या रंगावर ते शक्य नाही. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेले असते, पाणी आणि घाण अंगाला लागू देत नाही, आणि काही वर्षे टिकते. त्याच्या जाहिरातीतले ‘९एच’ मात्र पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचे असते, खनिजांच्या नव्हे. खडीपुढे हा थर काहीच नाही.

खडी थोपवू शकते ती फक्त रंगसंरक्षक फिल्म, म्हणजे १५०-२०० मायक्रॉनची थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची पारदर्शक पट्टी. अख्ख्या गाडीला ती लावणे महाग पडते. बॉनेटची पुढची पट्टी, बंपर, आरशांच्या पाठी आणि दरवाज्यांच्या कडा एवढ्यावर लावली तरी बहुतेक टवके टळतात.

पावसाच्या आधी

जूनपूर्वीची एक दुपार या कामाला द्यावी. उघडे टवके भरावेत. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची छोटी भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी दाराच्या पोकळीत साठते आणि गंज आतून बाहेर येतो. खराट्याची काडी घालून ती मोकळी करावीत. पुढच्या काचेखालच्या जाळीत साचलेला पालापाचोळा काढावा, तो महिनोन् महिने ओलावा धरतो. गाडीचे कव्हर पावसाळ्यात वापरू नये. ओल आत कोंडते, आणि वाऱ्याने हलणारे धुळकट कव्हर दुसरे फडकेच ठरते. समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर गाडीचा खालचा भाग आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुवाव्यात.

हेडलाइट पिवळे पडतात ते पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर उन्हाने गेल्यामुळे. १००० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने ते पुन्हा स्वच्छ होतात, पण नंतर अतिनील किरण अडवणारा थर दिला नाही तर वर्षाच्या आत पुन्हा पिवळे.

गॅरेजचे काम

फुगवटा आलेला गंज, बोटाच्या पेरापेक्षा मोठा टवका, पोचा आणि उडालेला क्लिअर कोट ही घरची कामे नाहीत. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाताना शेडचा कोड न्यावा, तुकड्यावर फवारलेला नमुना दिवसाच्या उजेडात गाडीशेजारी धरून पाहावा, आणि मेटॅलिक रंग असेल तर शेजारच्या पत्र्यावर रंगाची झाक विरवत नेणार का, हे आधीच विचारावे. एका दाराला रंग देऊन काटेकोर रेषेवर थांबला तर फरक लगेच डोळ्यांत भरतो.

असल्या किरकोळ कामासाठी विम्याचा दावा करण्याआधी हिशेब मांडावा. दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक दावा केला की पुढच्या वर्षीची सूट शून्यावर येते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये मालकालाच भरावे लागतात, आणि नेहमीच्या पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. एका पॅनेलच्या रंगासाठी हा सौदा क्वचितच परवडतो. गॅरेजमधून आलेल्या नव्या रंगावर महिनाभर मेण किंवा कोटिंग लावू नये. आत राहिलेले थिनर बाहेर पडायला तेवढा काळ लागतो.